गळा त्याचा, गल्ला दुसऱ्याचा

रँडी ट्रॅव्हिसची गोष्ट सांगायला फार सोपी आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या मार्शव्हिल नावाच्या लहानशा गावात १९५९ साली जन्मलेला, शाळा अर्धवट सोडलेला, दारू आणि चोऱ्यामाऱ्यांपायी वारंवार पोलिसांच्या हाती सापडलेला पोरगा. तो कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलला येतो, एका हॉटेलात भांडी घासतो, मासे तळतो, गावातल्या झाडून सगळ्या रेकॉर्ड कंपन्यांचे नकार पचवतो आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी अमेरिकेच्या कंट्री संगीताचा चेहरा होतो. आपल्याकडे अशा गोष्टींना मरण नाही. दोन-चार सुविचार जोडले की व्हॉट्सॲपच्या कुठल्याही गटावर सकाळी सकाळी ती हातोहात खपेल.

ती गोष्ट मलाही सांगायची आहे, पण तिच्यातून नेहमी निघतो तो जिद्दीचा धडा मला काढायचा नाही. कारण याच यशकथेचा आधार घेऊन अमेरिकेतले रेडिओवाले गेली कैक दशके गायकाच्या हक्काचे पैसे नाकारत आले आहेत. ‘तुला मोठा कुणी केला? आम्ही. मग आता पैसे कसले मागतोस?’ असा तो युक्तिवाद. तिथल्या एएम-एफएम रेडिओवर गाणे वाजले की ते लिहिणाऱ्याला आणि त्याची चाल बांधणाऱ्याला रॉयल्टी मिळते. ते ज्याने गायले त्याला, ज्यांनी वाजवले त्यांना आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाला एक सेंटही मिळत नाही. ही कुणा एका स्टेशनची लबाडी नव्हे. देशाचा कायदाच तसा आहे.

आधी माणूस पाहू. बाप घोड्यांची पैदास करायचा, टर्की पाळायचा आणि हँक विल्यम्स, लेफ्टी फ्रिझेल, जॉर्ज जोन्स यांच्या गाण्यांवर जीव टाकायचा. आपल्या पोरांनी गायलेच पाहिजे हा त्याचा हट्ट. कंट्री संगीत ज्यांनी कधी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो: स्टील गिटारचा ओघळत जाणारा सूर, जोडीला फिडल, आणि बाकी सगळा भार शब्दांवर. संसार, दारू, देव, मोडलेले लग्न हे तिथले विषय. रँडीचा आवाज खर्जातला, किंचित अनुनासिक, दक्षिणेकडच्या हेलाचा. तानबाजी नाही, आक्रोश नाही. ओळीच्या शेवटी आवाज खाली उतरतो आणि तिथे नेमके दुखते.

१९७५ मध्ये शार्लट शहरातल्या ‘कंट्री सिटी यूएसए’ नावाच्या क्लबात नव्या गायकांची स्पर्धा झाली, ती त्याने जिंकली. तो क्लब चालवणाऱ्या लिब हॅचर यांनी त्याला गायला आणि स्वयंपाकघरात राबायला ठेवून घेतले. पुढे कोर्टात उभे राहायची वेळ आली आणि तुरुंग समोर दिसू लागला, तेव्हा हॅचर यांनी न्यायाधीशांना गळ घालून त्याचे पालकत्व स्वतःकडे घेतले. १९७८ च्या सुमारास एका छोट्या कंपनीने त्याची गाणी रँडी ट्रेविक या खऱ्या नावाने काढली. त्यातले एक कसेबसे लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत ९१ व्या क्रमांकापर्यंत चढले आणि प्रकरण तिथेच आटोपले.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दोघे नॅशव्हिलला आले. ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या जुन्या रेडिओ कार्यक्रमाच्या नाट्यगृहापासून जवळच असलेल्या ‘नॅशव्हिल पॅलेस’ या हॉटेल-क्लबात हॅचर यांना व्यवस्थापकाची नोकरी लागली. रँडी मागच्या बाजूला कॅटफिश तळायचा, भांडी घासायचा आणि वेळ झाली की ॲप्रन काढून मंचावर गायला जायचा. तिथे तो रँडी रे या नावाने गायचा. त्याच्या गाण्याचा तिथेच ध्वनिमुद्रित केलेला एक अल्बमही १९८२ मध्ये निघाला.

रेकॉर्ड कंपन्यांचे म्हणणे एकच होते: हा फारच कंट्री आहे. कंट्री संगीताच्या राजधानीत एका कंट्री गायकाला हे ऐकावे लागावे, याला तेव्हाच्या बाजाराचे गणित कारण होते. १९८० मध्ये जॉन ट्रॅव्होल्टाचा एक चित्रपट गाजला, शहरी पोरे काउबॉय टोप्या घालून नाचू लागली आणि नॅशव्हिलने व्हायोलिनचे ताफे, सिंथेसायझर आणि गुळगुळीत पॉप यांच्यावर पैसे लावले. काही वर्षे ते चालले, मग विक्री घसरली. १९८५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने नॅशव्हिलच्या संगीताच्या ओहोटीवर लेख छापला. त्याच सुमारास वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीच्या नॅशव्हिल कचेरीतल्या मार्था शार्प यांनी रँडीला करारबद्ध केले. त्या स्वतः एके काळच्या गीतकार. ट्रॅव्हिस हे आडनावही त्यांनीच सुचवलेले.

यापुढचा भाग माझ्या मुद्द्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. १९८५ मध्ये ‘ऑन द अदर हँड’ हे गाणे बाजारात आले आणि ६७ व्या क्रमांकावर जाऊन आपटले. कंपनीने दुसरे गाणे काढले, ते पहिल्या दहांत गेले. मग कंपनीने एक धाडस केले. पडलेले पहिले गाणे १९८६ मध्ये पुन्हा बाजारात आणले. तेच ध्वनिमुद्रण, तोच गळा, तेच वादक. या वेळी ते पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या अल्बमच्या अमेरिकेत ३० लाखांवर प्रती खपल्या, वर्ष संपता संपता ग्रँड ओल ऑप्रीचे सदस्यत्व मिळाले आणि पुढच्या वर्षीचा अल्बम त्याहूनही मोठा ठरला. ‘बिलबोर्ड’ या संगीत नियतकालिकाच्या कंट्री यादीत त्याची १६ गाणी अव्वल ठरली. जॉर्ज स्ट्रेट आणि रिकी स्कॅग्ज या गायकांनी जुन्या बाजाचे दार किलकिले करून ठेवले होते. रँडीने ते सताड उघडले आणि त्यातून नव्वदीतली सगळी पिढी आत आली.

आवाज १९८५ मध्ये जसा होता तसाच १९८६ मध्ये होता. बदलले होते ते एवढेच की मधल्या काळात रेडिओवाल्यांच्या कानाला त्याची सवय झाली होती. म्हणजे रेडिओवाल्यांचा दावा निराधार नाही. गाणे पडते की उठते, हे त्या काळी खरोखर त्यांच्याच हातात होते. कंट्री संगीत तर रेडिओच्याच पोटी जन्मले. १९२५ च्या नोव्हेंबरात नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्राने जो कार्यक्रम सुरू केला त्याचीच पुढे ग्रँड ओल ऑप्री झाली. ते केंद्र एका विमा कंपनीच्या मालकीचे होते, आणि त्या गाण्यांच्या नादाने खेड्यापाड्यांत विम्याच्या पॉलिसी खपवल्या जात. त्या केंद्राच्या नावातली तीन अक्षरेसुद्धा विमा कंपनीच्या घोषवाक्याची आद्याक्षरे होती.

रेडिओ गायकाची फुकट जाहिरात करतो, हे पहिल्या दिवसापासूनचे अर्धसत्य आहे. उरलेले अर्धे असे की गायक रेडिओला श्रोते आणून देतो आणि ते श्रोते रेडिओ जाहिरातदारांना विकतो. लोक स्टेशन लावतात ते गादीच्या दुकानाची जाहिरात ऐकायला नाही. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे, मग हिशेबही दोन्ही बाजूंनी व्हायला हवा. गाणे ऐकून लोक रेकॉर्ड विकत घेतील, मैफिलीला तिकीट काढून येतील आणि त्यात गायकाचे पैसे वसूल होतील, हा जुना अलिखित सौदा होता. आता रेकॉर्ड कुणी विकत घेत नाही. आणि मैफिलीसाठी गायक उभा राहू शकत असला पाहिजे.

जुलै २०१३ मध्ये रँडी ट्रॅव्हिसचे हृदय एका विषाणूजन्य आजाराने निकामी होत गेले आणि पाठोपाठ पक्षाघाताचा मोठा झटका आला. तो वाचला, पण वाचा गेली. अफेझिया नावाच्या या अवस्थेत माणसाला समोरचे बोलणे समजते, काय म्हणायचे तेही डोक्यात असते, शब्द मात्र ओठांवर येत नाहीत. २०१६ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, तेव्हा पत्नी मेरी यांच्या आधाराने उभे राहून त्याने एका जुन्या भजनाच्या ओळी गायल्या. तेवढेच. त्याच्या गाण्याचे दौरे संपले, मैफिली संपल्या. रेडिओवर मात्र तो रोज वाजतो.

आता पैशांचा हिशेब मांडून पाहा. १९८८ मध्ये अव्वल ठरलेले त्याचे ‘आय टोल्ड यू सो’ हे गाणे त्याने स्वतः लिहिलेले आहे. ते वाजले की गीतकार म्हणून त्याला पैसे मिळतात. त्याच स्टेशनवर पाच मिनिटांनी ‘ऑन द अदर हँड’ लागले, तर पैसे ते लिहिणाऱ्या पॉल ओव्हरस्ट्रीट आणि डॉन श्लिट्झ यांच्याकडे जातात. ते योग्यच आहे, त्यांनी लिहिले आहे. पण ज्या आवाजामुळे ते गाणे चाळीस वर्षांनंतरही लोकांना हवे आहे, त्या आवाजाची किंमत शून्य. डॉली पार्टनचे एक गाणे १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने गाऊन जगभर पोचवले. अमेरिकन रेडिओवर ते जितक्या वेळा वाजले, तितक्या वेळा गीतकार डॉलीला पैसे मिळाले आणि व्हिटनीला काही नाही. अरेथा फ्रँकलिनचे सगळ्यात गाजलेले गाणे ओटिस रेडिंगने लिहिलेले, तिथेही हीच कथा.

तेच गाणे उपग्रह रेडिओवर किंवा इंटरनेट रेडिओवर वाजले तर गायकाला पैसे मिळतात. १९९५ च्या कायद्याने डिजिटल प्रसारणापुरता हा हक्क दिला. म्हणजे मोटारीतला श्रोता एक बटण दाबून एफएमवरून उपग्रहावर गेला की गायकाचा हक्क जन्माला येतो आणि परत एफएमवर आला की मरतो. याचे तर्कशुद्ध समर्थन मी तरी अजून कुठे वाचलेले नाही. ‘पूर्वीपासून असेच चालत आले आहे’ हे समर्थन वाचले आहे, पुष्कळदा.

पैसे द्यावे लागले तर स्टेशने बंद पडतील, हा दुसरा बचाव. हाही जुनाच. १९४० मध्ये अमेरिकन प्रसारकांचे भांडण गायकांशी नव्हते, गीतकारांशी होते. गीतकारांची ‘ॲस्कॅप’ ही संस्था दर वाढवून मागत होती. प्रसारकांनी तिच्यावर बहिष्कार घातला आणि १९४१ चे बरेचसे महिने रेडिओवर स्वामित्वहक्क संपलेली एकोणिसाव्या शतकातली गाणी दळत बसले. लोक कंटाळले. याच भांडणात प्रसारकांनी ‘बीएमआय’ नावाची स्वतःची संस्था काढली होती. प्रतिष्ठित गीतकार ॲस्कॅपकडे असल्यामुळे बीएमआयने ज्यांना कुणी दारात उभे करत नव्हते अशा गावंढळ आणि काळ्या गीतकारांना सभासद करून घेतले. कंट्री संगीताच्या भरभराटीत त्या निर्णयाचा मोठा वाटा आहे. रॉयल्टीच्या भांडणातून एका अख्ख्या संगीतप्रकाराला बळ मिळाले, गीतकारांना आजवर पैसे मिळत आले, आणि रेडिओ बुडाला नाही. तो बुडू लागलाच असेल तर इंटरनेटमुळे. त्यात गायकाचा काय दोष?

लहान स्टेशनांची काळजी मात्र खरी आहे. हजार वस्तीच्या गावात शेतमालाचे भाव, हवामान आणि चर्चची भजने देणारे केंद्र आणि शेकडो स्टेशने बाळगणारी कंपनी यांना एका मापाने मोजू नये. पण एएम-एफएम रेडिओवरही गायकाला रॉयल्टी मिळावी म्हणून मांडलेल्या ‘अमेरिकन म्युझिक फेअरनेस ॲक्ट’ या विधेयकाने ते मोजलेलेच नाही. वर्षाला १५ लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या छोट्या व्यावसायिक केंद्राने वर्षाचे ५०० डॉलर भरायचे. त्यात कितीही गाणी, कितीही वेळा. अगदीच चिमुकल्या केंद्राला १० डॉलर. १० डॉलरने बंद पडणारे स्टेशन दाखवा, मी त्याच्यासाठी वर्गणी काढतो.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: हे पैसे गायकाच्या नावाने मागायचे आणि शेवटी जायचे रेकॉर्ड कंपन्यांच्या घशात. कंपन्यांचा इतिहास पाहता शंका रास्तच आहे. इथे वाटपाची पद्धत समजून घ्यावी लागते. डिजिटल प्रसारणाचे पैसे साउंडएक्स्चेंज ही संस्था गोळा करते. त्यातले ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीच्या वादक-गायकांसाठी जातात. निम्मा वाटा कंपनीचा, हे खरे. पण कलाकाराचा वाटा थेट कलाकाराकडे जातो, कंपनीच्या खातेवहीतून नाही. याचा अर्थ नव्या गायकाला विचारा. कंपनी त्याला आगाऊ रक्कम देते, ध्वनिमुद्रणाचा खर्च त्याच्या नावावर टाकते आणि ते सारे फिटेपर्यंत त्याच्या हाती काही येत नाही. बहुतेकांचे ते कधीच फिटत नाही. थेट आलेल्या पैशातून मात्र कंपनीला आपले जुने येणे कापून घेता येत नाही. रँडी ट्रॅव्हिससारख्या नावाजलेल्या गायकापेक्षा ही तरतूद ज्याचे गाणे ६७ व्या क्रमांकावर पडले आणि पुन्हा कुणी उचललेच नाही, त्याच्या जास्त उपयोगाची आहे. यशकथा सांगणाऱ्यांना हा माणूस दिसत नाही, कारण त्याची कथा होतच नाही.

हे सगळे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. गायकाला रॉयल्टी हवी की नको, या प्रश्नावर साठच्या दशकात मुंबईत लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांचे एवढे बिनसले की काही वर्षे दोघांनी एकत्र गाणेच सोडले. रफींचे म्हणणे, गाण्याचे पैसे घेतले की आपला संबंध संपला. लताबाईंचे म्हणणे, गाणे विकले जात आहे तोवर गाणाऱ्याचा वाटा आहे. रफींची दिलदारी मला आवडते. पण दिलदारीवर कायदा उभा करता येत नाही, आणि त्या भांडणात लताबाईच बरोबर होत्या. २०१२ मध्ये भारताच्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ३८अ ने गायनाच्या व्यावसायिक वापरावर कलाकाराचा रॉयल्टीचा हक्क मान्य केला. कागदावर तरी आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. अंमलबजावणी हा वेगळा विषय, त्यावर आनंदीआनंद आहे.

मे २०२४ मध्ये रँडी ट्रॅव्हिसचे नवे गाणे आले, पक्षाघातानंतर अकरा वर्षांनी. जेम्स डुप्रे या दुसऱ्या गायकाने ते गायले. मग रँडीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतला निव्वळ आवाज वेगळा काढून, त्यावर शिकवलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने डुप्रेच्या गाण्यावर रँडीचा आवाज चढवला. काइल लेहनिंग या त्याच्या जुन्याच निर्मात्याने उच्चार आणि लय यांवर हाताने मेहनत घेतली. रँडीच्या संमतीने आणि त्याच्या देखत हे झाले, म्हणून मला त्यात वावगे दिसत नाही. संमतीविना तेच केले तर ती चोरी. टेनेसी राज्याने मार्च २०२४ मध्ये अशा आवाजचोरीविरुद्ध कायदा केला, दोन्ही सभागृहांत एकही मत विरोधात न पडता. मुंबई उच्च न्यायालयानेही अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५ मध्ये नकली आवाज बनवणाऱ्यांविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले.

म्हणजे आवाज ही गायकाची मालमत्ता आहे, हे आता सगळ्यांना मान्य आहे. नकली आवाज वापरला तर खटला. मग खरा आवाज दिवसातून दहादा वाजवून त्यावर जाहिराती विकल्या तर फुकट कसा? नकली आवाजाच्या कायद्याला काही महिने पुरले, खऱ्या आवाजाचा प्रश्न शतकभर पडून आहे. मला याचे कारण तत्त्वात दिसत नाही, मतदारसंघात दिसते. आवाजाची नक्कल करणारी कंपनी कुठल्या तरी दूरच्या शहरात असते, तिच्याविरुद्ध मत द्यायला काही पडत नाही. रेडिओ स्टेशन मात्र प्रत्येक मतदारसंघात असते, आणि निवडणुकीच्या तोंडावर त्याच्या मालकाला दुखवायची कुणाची तयारी नसते.

जून २०२४ मध्ये वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक उपसमितीपुढे या विधेयकावर सुनावणी झाली. रँडी ट्रॅव्हिस हजर होता, त्याची बाजू मेरी यांनी मांडली. प्रसारकांच्या संघटनेच्या प्रमुखांनी तिथे पुन्हा फुकट प्रसिद्धीचा आणि स्थानिक रेडिओच्या हालाखीचा मुद्दा मांडला. जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही पक्षांच्या खासदारांनी मिळून विधेयक पुन्हा दाखल केले. तिकडे रेडिओवर असा कोणताही आकार बसवू नये, असे सांगणारा प्रसारकांच्या बाजूचा ठरावही काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, आहेच, आणि त्याच्याही खाली दोन्ही पक्षांच्या सह्या आहेत.